श्रद्धेला आवक क्रमांक देऊ नका

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
हिवाळी अधिवेशन, विधान भवन, सिव्हिल लाइन्स, नागपूर

विषय : धर्मांतराच्या नियोजित कायद्यातील पूर्वसूचनेबाबत

सन्माननीय सदस्यहो,

१९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातले एक अधिवेशन आमच्या शहराच्या वाट्याला येते. तुम्ही यायच्या आधी सिव्हिल लाइन्समधले दुभाजक रंगतात, रविभवनातले गीझर तपासले जातात आणि कोणता मोर्चा कुठे अडवायचा याचा आराखडा पोलीस करून ठेवतात. माझे गुडघे आता मोर्च्यात चालण्याजोगे राहिले नाहीत. निवेदन घेऊन पीएच्या टेबलापर्यंत गेले की पोच मिळते, उत्तर मिळत नाही, हे मला आतल्या बाजूने ठाऊक आहे. म्हणून हे पत्र उघडे लिहितो आहे.

आतल्या बाजूने अशासाठी म्हटले, की माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. लिपिक, अव्वल कारकून आणि शेवटी नायब तहसीलदार. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, मतदार याद्या, अवकाळीचे पंचनामे. घटनेवर व्याख्यान द्यायचा माझा अधिकार नाही. कलेक्टर कचेरीत एखादी सूचना दाखल झाली की तिचे पुढे काय होते, हे सांगायचा मात्र नक्की आहे.

१४ फेब्रुवारी २०२५ ला राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. फसवून किंवा सक्तीने होणाऱ्या धर्मांतरांविरुद्ध इतर राज्यांनी केलेले कायदे तपासायचे आणि आपल्याकडे काय करता येईल ते सुचवायचे, हे तिचे काम. इतर राज्ये म्हणजे मुख्यतः मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश. दोन्हींचे कायदे २०२१ चे. दोन्हींत एक कलम सारखे आहे : ज्याला धर्म बदलायचा आहे त्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे. उत्तर प्रदेशात त्यापुढे आणखी आहे. दंडाधिकारी पोलिसांकडून चौकशी करवतो, आणि चौकशी कशाची, तर धर्मांतरामागचा खरा हेतू, उद्देश आणि कारण यांची. धर्मांतर झाल्यावर पुन्हा साठ दिवसांत जाहीरनामा द्यायचा : जन्मतारीख, कायमचा पत्ता, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आधीचा धर्म, नंतरचा धर्म. त्याची प्रत कचेरीच्या सूचना फलकावर लागते. मग एकवीस दिवसांत स्वतः हजर राहून ओळख पटवायची.

समितीसमोर हा नमुना आहे म्हणून आताच बोलतो. एकदा राजपत्रात छापून आले की आमच्या खात्याचे काम फक्त अंमलबजावणीचे.

आता ती सूचना कशी फिरते ते पाहा.

कोराडीकडची असो की काटोलकडची, कोणी बाई आपला अर्ज घेऊन येते. आवक शाखेत शिक्का पडतो, क्रमांक पडतो. शिक्का मारणारा लिपिक अर्ज वाचतो. वाचल्याशिवाय कागद कोणत्या टेबलाचा, हे त्याला कळणार कसे? तिथून संबंधित शाखा, शाखेची टिपणी, वर सही, आणि ‘चौकशी करून सात दिवसांत अहवाल सादर करावा’ असा शेरा मारून तहसीलला. तहसीलमधून मंडळ अधिकारी, मंडळ अधिकाऱ्याकडून तलाठी. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, गाव मात्र अजून तलाठीच म्हणते.) पोलिसांची प्रत वेगळी : ठाणेदार, बीट जमादार, पोलीस पाटील. इथवर दहा-बारा माणसांनी कागद हाताळलेला असतो आणि त्यांच्यापैकी एकानेही काही गैर केलेले नसते. प्रत्येकाने आपापले काम नेमाने केलेले असते.

मग तलाठी गावात पोचतो आणि पानठेल्यावर पत्ता विचारतो. ठेलेवाला विचारतो, कायची चौकशी हाय जी? तलाठी सांगतो, काही नाही जी, धर्म बदलून राहिली म्हणे. संध्याकाळपर्यंत ते घरमालकाला कळते, ज्याच्या शेतात ती कापूस वेचायला जाते त्याला कळते, बचत गटाला कळते, सासरी कळते. साठ दिवसांतला हा अजून पहिला आठवडा आहे. उरलेल्या दिवसांत कोण कोण तिच्या दाराशी येऊन बसेल, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही मतदारसंघ सांभाळता.

धर्म न बदलता आंतरधर्मीय लग्न करू देणाऱ्या विशेष विवाह कायद्याच्या नोटिशींचे काय होते हे तर मी रोज येता-जाता पाहिले आहे. ज्या गावी माझी बदली झाली होती तिथे विवाह नोंदणीचे कार्यालय आमच्या इमारतीतच होते. १९५४ च्या त्या कायद्यात तीस दिवस नोटीस लावायची असते, म्हणजे कोणाला हरकत असेल तर घेता यावी. हरकत घ्यायला नातेवाईक क्वचितच येत. नियमाने येत ती दोन-तीन पोरे, खिशात मोबाइल. मुलीचे नाव, मुलाचे नाव, पत्ता, फोटो. फलकाला टेकून ते टिपून घ्यायचे आणि जायचे. त्यांना अडवायचे तरी कोणत्या नियमाने? सूचना सार्वजनिकच होती. आता श्रद्धेच्या सूचनाही त्याच फलकावर लागणार असतील, तर आपण त्या पोरांचे काम सरकारी खर्चाने सोपे करून देतो आहोत. याच शहराने १७ मार्च २०२५ ला महाल भागात दगडफेक, जाळपोळ आणि मग कित्येक वस्त्यांत संचारबंदी पाहिली. इथे अशा याद्या भिंतीवर लावायच्या?

आणि चौकशीत लिहायचे काय? जातीच्या दाखल्याला आम्ही पुरावा मागत असू : अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुना खरेदीखताचा कागद. देवावरचा विश्वास उडाला याला कोणत्या सालचा कागद मागायचा? बुद्धाचा किंवा येशूचा किंवा पैगंबराचा मार्ग मनापासून पटला, हे तलाठी कोणत्या रकान्यात लिहील? तो लिहील ते एवढेच, की ‘शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे विचारपूस केली असता...’. म्हणजे माणसाच्या मनातल्या गोष्टीवर अखेर शेजाऱ्याचा जबाब लागणार.

हे सारे मी नागपुरातून लिहितो आहे, म्हणून एक तारीख तुमच्यासमोर ठेवतो. १४ ऑक्टोबर १९५६. श्रद्धानंद पेठेजवळच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनाराच्या भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः काही लाख लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. दोन दिवसांनी चंद्रपुरात तेच. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना व्हायची होती, म्हणजे राजधानीपणाचे शेवटचे दिवस चालले होते. मंत्रालय इथे, उच्च न्यायालय इथे, कलेक्टर इथे. दीक्षा घेणाऱ्या लाखांपैकी एकालाही कोणत्या खिडकीवर उभे राहावे लागले नाही.

साठ दिवसांचा नियम तेव्हा असता तर? उलटे मोजून पाहा. शेवटची तारीख येते १५ ऑगस्ट १९५६. त्या दिवशी कचेरीला सुट्टी.

चेष्टा सोडतो. उत्तर प्रदेशच्या कायद्यात दोन किंवा अधिक माणसांचे धर्मांतर हे ‘सामूहिक धर्मांतर’ ठरते आणि त्याला शिक्षा जास्त. ‘प्रलोभन’ या व्याख्येत पैसा, नोकरी, भेटवस्तू तर आहेतच, पण चांगल्या जीवनमानाचे आश्वासनही आहे. मग दीक्षाभूमीवर जे झाले ते काय होते? माणूस म्हणून ताठ उभे राहता येईल, मुलांना शिकता येईल, गावकुसाबाहेरचे जिणे संपेल, ही आशा मनात धरून लोक नऊवारी, धोतर, जमेल ते पांढरे कापड नेसून, विदर्भातून आणि बाहेरून, कित्येक जण पायी, आले होते. कायद्याच्या भाषेत हे चांगल्या जीवनमानाचे आश्वासनच आहे. मला कोणी सांगेल का, की अशी व्याख्या कायद्यात असताना पोलीस निरीक्षकाने त्या मैदानावर काय करायचे?

पूर्वसूचनाच हवी असेल तर बाबासाहेबांनी ती दिलेली होती. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात. एकवीस वर्षे आणि एक दिवस आधी. ती त्यांनी समाजाला दिली, कलेक्टरला नाही.

नागपूरचीच आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते डॉ. भवानीशंकर नियोगी, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती. १९५६ मध्ये अहवाल आला, धर्मांतरावर कायद्याचे बंधन आणावे असे त्यात सुचवले होते, आणि पुढे १९६८ ला मध्य प्रदेशाने कायदा केला त्यामागे हाच अहवाल होता. आजही धर्मांतरबंदीच्या बाजूने बोलणारे नियोगींचा हवाला देतात. अहवालाच्याच वर्षी, १९५६ च्या ऑक्टोबरात, त्याच दीक्षेच्या मैदानावर, नियोगींनी स्वतः बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यात मला विसंगती दिसत नाही. त्यांचा आक्षेप फसवणुकीवर होता, दुर्बळ माणसाला लालूच दाखवण्यावर होता. स्वतःचा निर्णय करताना त्यांनी कोणाला हेतू, उद्देश आणि कारण लिहून दिले नाही, आणि माजी मुख्य न्यायमूर्तींच्या घरी चौकशीला जायची हिंमत कोण्या जमादारानेही केली नसती. ती चौकशी नेहमी दुसऱ्याच कोणाच्या घरी जाते.

माझ्या विरुद्ध जाणारी गोष्ट मीच सांगतो. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी मध्य प्रदेश आणि ओडिशाचे कायदे वैध ठरवले. स्टॅनिस्लाऊस खटला. पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा नाही, असे न्यायालय म्हणाले. ठीक. पण १९६८ च्या त्या कायद्यात विधी करवणाऱ्याने नंतर कळवायचे होते. धर्म बदलणाऱ्याने आधी हजर राहून मन उघडे करावे असे त्यात नव्हते. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्याआधीच, २०१२ ला, हिमाचलच्या उच्च न्यायालयाने पूर्वसूचनेचे कलम रद्द केले होते, आणि माणसाला आपली श्रद्धा बदलण्याइतकाच ती गुप्त ठेवण्याचाही हक्क आहे असे म्हटले होते. मध्य प्रदेशच्या साठ दिवसांच्या कलमाखाली, स्वेच्छेने लग्न करणाऱ्या सज्ञान जोडप्यांवर कारवाई करू नका, असा अंतरिम आदेश तिथल्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. एवढे सगळे झाल्यावर आपण तेच कलम उचलून आणायचे?

सरकारने धर्माला कधी हातच लावू नये, असे मी म्हणत नाही. आपल्या घटनेने तसे ठरवलेले नाही, आणि ते बरेच झाले. मंदिरप्रवेशाचे कायदे सरकारने केले नसते तर कोणी केले असते? तुमच्याच सभागृहाने, याच नागपुरात, डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. तो काय पाहतो? भोंदूने कोणाला मारहाण केली का, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ दिले नाही का, चमत्कार दाखवून पैसे उकळले का. देव मानता की नाही, हे तो विचारत नाही. २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदाही तसाच : जातपंचायत काय श्रद्धा बाळगते याच्याशी त्याला देणेघेणे नाही, तिने कोणाचे पाणी तोडले तर आहे. सरकारने इजा पाहावी, श्रद्धा पाहू नये. महाराष्ट्राने हे आधी दोनदा नीट करून दाखवले आहे, म्हणून तर मला या नव्या घाईचा राग येतो.

फसवणूक होत नाही असेही मी म्हणत नाही. नाव लपवून लग्न करणारे आहेत. प्रार्थनेने कॅन्सर बरा करतो म्हणून आदिवासी पाड्यांवर फिरणारे आहेत, तसेच अंगात आणून तोच कॅन्सर बरा करणारेही आहेत. ज्या घरातली मुलगी अशी फसली त्या आईबापांपुढे घटनेची कलमे वाचायची माझी छाती होणार नाही. पण त्यांना काय हवे असते? फसवणाऱ्याला शिक्षा. ती तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेच्या ६९ व्या कलमात ओळख लपवून लग्न करून शरीरसंबंध ठेवणे हा दहा वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. धमकी, फसवणूक, पळवून नेणे, यांना वेगवेगळी कलमे आहेत. औषधांच्या जादूई दाव्यांवर १९५४ पासून कायदा आहे. ठाण्यात तक्रार लिहून घेतली जात नाही, हे खरे दुखणे. त्यावर उपाय म्हणून न फसलेल्या हजारोंना साठ दिवस रांगेत उभे करायचे, हा कुठला न्याय?

आणि एक कलम असे आहे की ते वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. मध्य प्रदेशच्या कायद्यात आपल्या पितृधर्मात परत जाणे हे धर्मांतर मानलेच जात नाही. पितृधर्म म्हणजे माणूस जन्मला तेव्हा त्याच्या बापाचा जो धर्म होता तो. उत्तर प्रदेशात आधीच्या धर्मात परतणाऱ्याला अशीच सूट आहे. जाताना सूचना, चौकशी, फलक. परत येताना दार सताड उघडे. सरकार तटस्थ असेल तर दोन्ही दिशांना एकच नियम लावील. इथे ते ठरवून टाकते की माणसाचा खरा धर्म बापाचा, आणि बाकीचे सारे संशयास्पद. १९५६ ला दीक्षा घेतलेल्या आमच्या पिढीतल्या लोकांना हा कायदा सांगतो की तुमचा स्वतःचा धर्म तुम्ही सोडला तोच.

सरकारने धर्मांतराची किंमत वसूल केल्याचेही विदर्भाने पाहिले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीत मोजला जात नव्हता. शिखांना १९५६ ला मुभा मिळाली. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० उजाडले. महाराष्ट्राने राज्यापुरते नवबौद्धांना आधीच सामावून घेतले, हे या राज्याचे मोठेपण. पण केंद्राच्या नोकरीसाठी कागदावर काय लिहायचे म्हणून घुटमळणारी माणसे माझ्या टेबलासमोर उभी राहिली आहेत. घरात बुद्धाची तसबीर आणि दाखल्यावर ‘हिंदू’. त्यांनी खोटे बोलावे अशी व्यवस्था आपण केली होती.

तुम्ही सर्वांनी सभागृहात शपथ घेतली तेव्हा दोन पर्याय होते. ईश्वरसाक्ष शपथ, किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन. हे आपोआप झालेले नाही. १७ ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी (आमच्याच जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले) उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी अशी दुरुस्ती मांडली. पंडित कुंझरू म्हणाले, हे लोकांवर लादणे होईल. मागे घ्या म्हणून विनवण्या झाल्या, कामतांनी ऐकले नाही, मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरोध करणाऱ्यांत श्रद्धाळू माणसे भरपूर होती. देव कोणाच्या नावावर लागायचा हे बहुमताने ठरवू नये, एवढे त्यांना कळत होते. तुमच्यापैकी कोणी कोणता पर्याय निवडला, का निवडला, मागच्या खेपेला दुसरा निवडला होता का, याचा अहवाल कोणत्याही तहसीलदाराने मागवलेला नाही. तुमच्या मतदारालाही तेवढेच द्या.

सरकारी यंत्रणेला धर्माच्या बाबतीत काम काय कमी आहे? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, त्यांना पाणी, शौचालये, बस लागतात. ताजबागच्या उर्साला लागतात. रामनवमीच्या शोभायात्रेला रस्ते वळवावे लागतात, विसर्जनाला कृत्रिम टाक्या मांडाव्या लागतात, घाटांवर आणि कब्रस्तानांत दिवे लागतात. ही कामे आम्ही केली आहेत, हातात टॉर्च घेऊन केली आहेत, आणि कोणत्या रांगेतल्या माणसाचा देव कोणता हे विचारावे लागले नाही. तलाठ्याला तिथे ठेवा. माणसे तशीही कमी पडतात.

विधेयक यायचेच असेल तर माझे मागणे असे. पूर्वसूचना आणि सूचना फलक हे दोन्ही त्यात नसावेत. तक्रार करायची ती फसवले गेलेल्याने, फार तर त्याच्या घरच्यांनी. उत्तर प्रदेशाने २०२४ च्या दुरुस्तीत कोणालाही तक्रारीची मुभा दिली, ती वाट इथे नको. गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारवरच राहावा. आणि पितृधर्म हा शब्द महाराष्ट्राच्या कायद्याच्या पुस्तकात येऊ नये. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, गोंधळात, आवाजी मतदानाने हे उरकू नका. जनसुरक्षा विधेयक तुम्ही संयुक्त समितीकडे पाठवले होते, लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. तेच इथेही करा आणि समितीची एक सुनावणी नागपुरात ठेवा. मी येईन. सूचनेचा कागद कोणत्या टेबलावर किती दिवस थांबतो आणि तोवर कोणाकोणाच्या कानावर जातो, हे टेबलवार सांगायची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त नायब तहसीलदार,
नागपूर